हिंसा रोखण्याचे काम करणाऱ्यांमधील बर्नआउट आणि दुय्यम आघात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे कोणासाठी आहेत?

कौटुंबिक आणि लैंगिक हिंसा, मुलांवरील अत्याचार, टोळ्यांमधील वैर किंवा दोन समूहांमधील तणाव अशा क्षेत्रांत, हिंसा सोसलेल्या किंवा हिंसेच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसांशी ज्यांचा रोज थेट संबंध येतो, त्या समुपदेशकांसाठी, हेल्पलाइनवरील कार्यकर्त्यांसाठी, निवारागृहातील कर्मचाऱ्यांसाठी आणि वस्तीत फिरून मध्यस्थी करणाऱ्यांसाठी ती आहेत. त्यांचे पर्यवेक्षक आणि संस्थाचालक यांनी ती अधिक काळजीपूर्वक वाचावीत, कारण बचावाचे बहुतेक उपाय त्यांच्याच हातात असतात.

बर्नआउट आणि दुय्यम आघात यांत नेमका फरक काय?

बर्नआउट हा कामाच्या परिस्थितीतून हळूहळू साचत जाणारा थकवा आहे. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांना जवळून पाहून मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये त्याचे वर्णन केले. ज्यांना कामाची तळमळ होती तेच आधी खचत होते, हे त्यांचे निरीक्षण आजही लागू पडते. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली आणि त्याची तीन अंगे सांगितली : भावनिकदृष्ट्या रिते होणे, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही घडत नाही असे वाटू लागणे.

दुय्यम आघाताचा उगम निराळा आहे. दुसऱ्यावर ओढवलेल्या प्रसंगाचे तपशील ऐकून, वाचून किंवा पाहून ऐकणाऱ्यातच आघातोत्तर ताणासारखी लक्षणे दिसू लागतात : नको असलेली दृश्ये डोळ्यांपुढे येणे, झोपेतून दचकून उठणे, विशिष्ट रस्ता किंवा आवाज टाळणे, सतत सावध राहणे. त्यासाठी वर्षे लागतातच असे नाही; एखादे प्रकरणही पुरते. लिसा मॅककॅन आणि लॉरी अ‍ॅन पर्लमन यांनी १९९० मध्ये याच्या जोडीने आणखी एक, अधिक खोलवरचा बदल मांडला. अशी कामे दीर्घकाळ करणाऱ्याच्या जगाविषयीच्या मूळ समजुती बदलतात, कोणावरही विश्वास ठेवता येत नाही आणि कोणतीही जागा सुरक्षित वाटत नाही.

हा फरक पुस्तकी नाही, कारण त्यावर उपाय अवलंबून असतो. ज्याला रात्री एखाद्या मुलाच्या जबाबातील वाक्ये ऐकू येतात त्याला आठ दिवसांची रजा दिली, तर ती वाक्ये त्याच्यासोबत घरी जातात. उलट, जिच्याकडे क्षमतेच्या दुप्पट प्रकरणे आहेत आणि जिचे मानधन वेळेवर मिळत नाही, तिला समुपदेशनासाठी पाठवणे म्हणजे तिचा दुखणारा पाय सोडून हात चोळण्यासारखे आहे. प्रत्यक्षात दोन्ही एकाच माणसात एकत्र आढळतात आणि एकामुळे दुसऱ्याला बळ मिळते, म्हणून दोन्हींची वेगवेगळी विचारपूस करावी लागते.

हे आजार आहेत का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, बर्नआउटचा समावेश आहे, पण आजार म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणचा दीर्घकालीन ताण नीट हाताळला न गेल्यामुळे उद्भवणारी व्यवसायाशी निगडित घटना असे त्याला म्हटले आहे. या व्याख्येत दोष माणसावर न टाकता कामाच्या ठिकाणावर ठेवला आहे, हे संस्थांनी लक्षात घ्यावे.

दुय्यम आघात हे स्वतंत्र निदान नाही. मात्र अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत, आघातकारक घटनांच्या विदारक तपशिलांना कामाच्या निमित्ताने वारंवार किंवा तीव्रतेने सामोरे जाणे हाही आघातोत्तर ताणविकाराला कारणीभूत ठरू शकणारा प्रसंग मानला आहे, आणि बालअत्याचारांचे तपशील पुन्हा पुन्हा हाताळणाऱ्या पोलिसांचे उदाहरण तेथेच दिले आहे. "तुझ्यावर तर काही गुदरलेले नाही, मग तुला काय झाले?" या प्रश्नाला वैद्यकशास्त्राने दिलेले हे उत्तर आहे.

इतर सेवाक्षेत्रांपेक्षा या कामात धोका वेगळा का असतो?

दुःखाची कथा डॉक्टर, परिचारिका आणि शिक्षक यांनाही ऐकावी लागते. हिंसा रोखणाऱ्याच्या बाबतीत तिच्यात आणखी काही गोष्टी मिसळतात.

पहिली म्हणजे, धोका संपलेला नसतो. दवाखान्यात येणारी जखम झालेली असते. येथे मात्र समोरची स्त्री संध्याकाळी त्याच घरी परत जाणार असते, आणि आज घेतलेला निर्णय चुकला तर त्याची किंमत कोणाच्या तरी जिवाने चुकवावी लागेल, ही जाणीव कार्यकर्त्याला सोडत नाही. दुसरी म्हणजे, यश दिसत नाही. जो मार बसला नाही, जो सुरा निघाला नाही, त्याची नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नाही, आणि जे रोखता आले नाही ते मात्र बातमी होते. वर्षानुवर्षे फक्त अपयशच डोळ्यांपुढे येत राहिले तर 'माझ्या हातून काही होत नाही' ही बर्नआउटची तिसरी खूण आपोआप पक्की होते.

तिसरी गोष्ट स्वतःच्या सुरक्षिततेची. अत्याचार करणाऱ्याचा फोन, दारावर येऊन दिलेली धमकी, वस्तीतील बहिष्कार हे दुय्यम नव्हे, थेट आघात आहेत, आणि दोन्ही एकाच माणसावर एकाच आठवड्यात पडू शकतात. कामाच्या जगातील हिंसा आणि छळ यांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१९ चा करार क्रमांक १९० धमकी आणि त्रयस्थ व्यक्तींकडून होणारी हिंसा यांनाही कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा प्रश्न मानतो. त्यामुळे धमकी आल्यावर "असे होतच असते" हे उत्तर पर्यवेक्षकाला शोभत नाही.

चौथी गोष्ट बोलायला अवघड आहे. अनेकदा कार्यकर्त्याला हिंसेच्या कथेपेक्षा व्यवस्थेचा प्रतिसाद अधिक जाळतो. तक्रार नोंदवली जात नाही, निवारागृहात जागा नसते, सुनावणी पुन्हा पुढे ढकलली जाते, आणि ज्या व्यक्तीला "आम्ही आहोत" असे सांगितले तिला रिकाम्या हाताने परत पाठवावे लागते. योग्य काय ते ठाऊक असून ते करता न येण्यातून निर्माण होणारी ही घुसमट म्हणजे भीतीही नव्हे आणि थकवाही नव्हे. तिच्यात अपराधीपणा आणि संताप असतो, आणि तिच्यावर श्वसनाचे व्यायाम चालत नाहीत. संस्थेने व्यवस्थेशी भांडण्याचा भार एकट्या कार्यकर्त्यावर न टाकता स्वतः उचलला, पत्रव्यवहार वरिष्ठांच्या सहीने केला, तरी ती बरीच हलकी होते.

सुरुवातीची लक्षणे कशी ओळखावीत?

पुस्तकातील यादीपेक्षा माणसाच्या नेहमीच्या वागण्यात पडलेला फरक अधिक विश्वासार्ह असतो. वेळेवर नोंदी करणारी सहकारी नोंदी तुंबवू लागते. शांत माणूस मदत मागायला आलेल्या व्यक्तीवर खेकसतो. एखाद्या विशिष्ट प्रकारचे प्रकरण आले की कोणीतरी नेमका बाहेर जातो. फोन वाजला की छातीत धस्स होते. घरी मुलांना एकटे कोठेही सोडू न देणे, प्रत्येक नात्यात हिंसा दिसू लागणे, विनोदाला अचानक फार धार येणे याही खुणा आहेत. शरीर बहुधा मनाच्या आधी बोलते : झोप उडणे, डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी, मानेत आणि जबड्यात सतत ताण.

एक लक्षण हमखास निसटते, कारण त्याचे कौतुक होते. काही जण ताण वाढला की कामही वाढवतात. रजा घेत नाहीत, रात्री फोन उचलतात, दुसऱ्याची प्रकरणेही अंगावर घेतात. "आपल्याशिवाय यांना कोणी नाही" हे वाक्य एखादा कार्यकर्ता वारंवार बोलू लागला, तर त्याला पुरस्कार देण्यापूर्वी त्याच्याशी बोलावे.

पूर्वी रडू यायचे, आता काहीच वाटत नाही. याचा अर्थ मी कामात मुरलो असा होतो का?

तसे असू शकते, पण गृहीत धरू नये. मुरलेल्या कार्यकर्त्याला समोरच्याचे दुःख कळते आणि तरी त्याला नीट विचार करता येतो. घरी गेल्यावर तो हसू शकतो, चिडू शकतो, रमू शकतो. बधिरता आली असेल तर ती फक्त कामापुरती राहत नाही, आनंदही तितकाच पुसट होतो. शिवाय बधिर झालेल्या माणसाचा धोक्याचा अंदाज चुकतो. गळा दाबल्याचा उल्लेख त्याच्या कानावरून तसाच निघून जातो, आणि जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेत गळा दाबला जाणे ही पुढील प्राणघातक हल्ल्याची गंभीर पूर्वसूचना मानली जाते. म्हणजे कार्यकर्त्याच्या मनःस्थितीचा प्रश्न मदत मागणाऱ्याच्या सुरक्षेचाही प्रश्न आहे.

कोणाला जास्त जपावे लागते?

नव्याने रुजू झालेल्यांना, एकट्याने काम करणाऱ्यांना, मुलांवरील आणि लैंगिक अत्याचारांचीच प्रकरणे सलग हाताळणाऱ्यांना, आणि ज्यांच्या स्वतःच्या घरात नुकतेच काही अघटित घडले आहे त्यांना. आघाताच्या तपशिलांशी येणारा संपर्क जितका अधिक, तितका धोका अधिक, हे सूत्र साधारणपणे खरे ठरते. क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञाच्या अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजला जातो आणि मर्यादा गाठली की त्याला बाजूला काढले जाते; त्याच्या धैर्याची परीक्षा कोणी घेत नाही. या क्षेत्रातही संपर्काची मात्रा मोजण्याची अशीच सवय लागायला हवी.

स्वतः हिंसेतून गेलेल्या व्यक्तींना या कामात घेऊ नये का?

अवश्य घ्यावे. शिकागोमध्ये साथरोगतज्ज्ञ गॅरी स्लटकिन यांनी उभ्या केलेल्या आणि पुढे अनेक देशांत पोहोचलेल्या कामाचा कणाच त्या वस्तीतील, पूर्वी टोळ्यांशी संबंध असलेले मध्यस्थ हा होता, कारण भांडण पेटण्याआधी तेथे पोहोचण्याइतका विश्वास इतर कोणालाच मिळाला नसता. कौटुंबिक हिंसाविरोधी चळवळही अशाच बायकांनी उभारली.

मात्र त्यांच्या बाबतीत काही गोष्टी आधी ठरवून घ्याव्या लागतात. आपला पूर्वानुभव कोणाला सांगायचा हा निर्णय त्यांचा असावा. प्रत्येक कार्यक्रमात त्यांना व्यासपीठावर उभे करून "तुमची कहाणी सांगा" म्हणणे हे शोषणच आहे. आपल्या जुन्या प्रसंगाशी मिळतेजुळते प्रकरण कारण न देता नाकारण्याची मुभा त्यांना असावी. आणि ते ज्या वस्तीत काम करतात तिथेच राहत असतील, तर त्यांना कामाचे तास संपले तरी काम संपल्याचे सुख मिळत नाही. मारला गेलेला मुलगा त्यांच्यासाठी 'प्रकरण' नसतो, शेजाऱ्याचा मुलगा असतो. अशा मृत्यूनंतर त्यांना नातलगाइतकी रजा मिळायला हवी.

एका कार्यकर्त्याकडे किती प्रकरणे असावीत?

सर्व क्षेत्रांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. मानवतावादी मदतकार्यातील बालसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय किमान मानकांत एका केसवर्करकडे एका वेळी २५ पेक्षा अधिक मुलांची प्रकरणे नसावीत असे म्हटले आहे आणि एका पर्यवेक्षकाखाली पाच ते सहा जण असावेत असे सुचवले आहे. आपल्या संस्थेतील आकडा याच्या कितीतरी पुढे असेल, तर निधी देणाऱ्यांशी बोलताना हा संदर्भ कामी येतो.

तरीही केवळ संख्या मोजणे फसवे असते. पाठपुराव्यापुरती उरलेली दहा प्रकरणे आणि जिवाला धोका असलेली दोन प्रकरणे यांची बरोबरी होत नाही. म्हणून वाटप करताना प्रकरणाची तीव्रता, प्रवास, न्यायालयातील हजेरी आणि लेखी काम यांचाही हिशेब धरावा. एकाच व्यक्तीकडे सलग दोन अतिगंभीर प्रकरणे जाऊ नयेत, हा साधा नियम पाळायला पैसा लागत नाही; वाटप करणाऱ्याकडे एक तक्ता आणि थोडी चिकाटी असली की पुरते.

आमच्याकडे दर आठवड्याला आढावा बैठक होते. ती पुरेशी नाही का?

आढावा बैठकीत प्रकरणांचा आढावा घेतला जातो, माणसांचा नाही. किती भेटी झाल्या, किती अहवाल बाकी आहेत, हे विचारणे आवश्यकच आहे. पण त्याच बैठकीत, सर्वांसमोर, वार्षिक मूल्यमापन करणाऱ्याच वरिष्ठासमोर "मला झोप लागत नाही" असे कोणी म्हणेल ही अपेक्षा भाबडी आहे.

चांगल्या सुपरव्हिजनची जागा वेगळी असते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, एकास एक, साधारण तासभर, आठवड्याला किंवा निदान पंधरवड्याला कार्यकर्ता आणि पर्यवेक्षक बसतात. त्यात एका-दोन प्रकरणांवर सविस्तर बोलणे होते, घेतलेले निर्णय तपासले जातात, आणि त्या प्रकरणाने कार्यकर्त्यावर काय परिणाम केला हे कामाचाच भाग म्हणून विचारले जाते. "कसे चालले आहे?" या प्रश्नाला "ठीक" हेच उत्तर मिळते. त्याऐवजी "या आठवड्यात कोणते प्रकरण तुमच्यासोबत घरी गेले?" असे विचारले की संवाद सुरू होतो. प्रश्नच असा आहे की काहीतरी घरी जाणे स्वाभाविक मानले जाते.

दोन पथ्ये महत्त्वाची आहेत. ही बैठक घाईगर्दीत सर्वांत आधी रद्द होणारी गोष्ट असू नये, कारण घाईच्या आठवड्यातच तिची गरज सर्वाधिक असते. आणि पर्यवेक्षकाने उपचारकाची भूमिका घेऊ नये. कार्यकर्त्याचे बालपण उकरून काढणे हे त्याचे काम नाही. शक्य असेल तेथे महिन्यातून एकदा संस्थेबाहेरील अनुभवी व्यक्तीशी बोलण्याची सोय करावी, म्हणजे खुद्द पर्यवेक्षकाविषयीची तक्रारही मांडता येते.

मोठी दुर्घटना घडल्यावर सर्वांना त्याच दिवशी एकत्र बसवून बोलते करावे का?

ही पद्धत हेतूने चांगली आणि सर्वत्र रूढ असली तरी सक्तीने राबवू नये. आणीबाणीच्या सेवांतील कर्मचाऱ्यांसाठी जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये अशा गटबैठकांची रीत मांडली होती आणि ती झपाट्याने पसरली. पुढे आघातानंतरच्या एकाच बैठकीच्या अशा हस्तक्षेपांवरील चाचण्या एकत्र तपासणाऱ्या, कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संशोधन-संस्थेच्या आढाव्यात आघातोत्तर ताणविकार टळतो असे आढळले नाही. ज्याचे मन तो प्रसंग हळूहळू बाजूला ठेवू पाहत आहे त्याला तो लगेच तपशिलाने सांगायला लावण्यात धोका असू शकतो. शिवाय गटात बसलेल्यांपैकी ज्यांनी काही पाहिले नव्हते त्यांनाही ते तपशील मिळतात.

त्याऐवजी प्रथम मानसिक साहाय्याची तत्त्वे उपयोगी पडतात, ज्यांची मार्गदर्शिका जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांसोबत २०११ मध्ये प्रसिद्ध केली. माणूस सुरक्षित आहे ना ते पाहावे, पाणी, विश्रांती, घरी सोडण्याची व्यवस्था करावी, त्याला बोलायचे असेल तर ऐकावे, बोलायचे नसेल तर टोकू नये, आणि पुढील दिवसांत कोणाला फोन करायचा ते निश्चित सांगावे. कामकाजाच्या दृष्टीने काय घडले, कुठे त्रुटी राहिली, याची चौकशी आवश्यकच आहे, पण तिच्यासाठी वेगळा दिवस आणि वेगळी बैठक ठेवावी. दोन्ही एकत्र केल्या की सांत्वन चौकशीसारखे वाटू लागते.

मदत मागणाऱ्या व्यक्तीचा खून झाला किंवा तिने आत्महत्या केली, तर संबंधित कार्यकर्त्याशी कसे वागावे?

ही बातमी त्याला वर्तमानपत्रातून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून कळू नये. पर्यवेक्षकाने प्रत्यक्ष किंवा निदान फोनवर सांगावी. त्याच दिवशी फाईल मागू नये. मागावीच लागली, तर ती का मागितली जात आहे हे स्पष्ट करावे आणि त्याला एकट्याला कोणत्याही अधिकाऱ्यासमोर पाठवू नये. अंत्यदर्शनाला जायचे की नाही, हे त्याला ठरवू द्यावे आणि कोणीतरी सोबत जावे. त्याची बाकीची गंभीर प्रकरणे काही दिवसांसाठी दुसऱ्याकडे द्यावीत, मात्र हलके काम चालू ठेवण्याचा पर्यायही द्यावा, कारण अचानक रिकामे बसवणे काहींना शिक्षेसारखे वाटते. "तू सर्व काही केलेस" असे घाईने म्हणण्यापेक्षा काय घडले ते नंतर एकत्र तपासू, असे म्हणणे प्रामाणिक ठरते. असे मृत्यू बहुधा सहा महिन्यांनी, वर्षदिनी किंवा खटला उभा राहिल्यावर पुन्हा वर येतात. त्या तारखा पर्यवेक्षकाच्या नोंदवहीत असाव्यात.

सहकाऱ्यांशी मन मोकळे करताना किती तपशील सांगावा?

मन हलके करण्याच्या नादात आपण दुसऱ्याच्या मनावर ओझे टाकतो, असे कार्यालयात रोज घडते. कोणीतरी चहाच्या सुट्टीत ऐकलेला प्रसंग रंगासकट सांगतो, सांगणाऱ्याला बरे वाटते आणि ऐकणारा तो प्रसंग घेऊन उठतो. यावरचा तोडगा सोपा आहे. आधी विचारावे : "एका अवघड प्रकरणाबद्दल बोलायचे आहे, आता ऐकू शकाल का?" समोरच्याला "आत्ता नको" म्हणता यावे. मग बाहेरून आत जावे, म्हणजे आधी आपल्याला काय वाटले ते सांगावे आणि प्रसंगाचे वर्णन अगदी शेवटी, तेही लागेल तेवढेच करावे. जखमांचे वर्णन, उच्चारलेले नेमके शब्द, वास आणि आवाज यांची गरज सल्ला घेण्यासाठी क्वचितच असते. प्रशिक्षणांतही हेच पथ्य पाळावे. नव्यांना कामाचे गांभीर्य कळावे म्हणून पहिल्याच दिवशी भीषण छायाचित्रे दाखवणे अनावश्यक आहे.

घरच्यांना काय सांगावे?

प्रकरण सांगू नये, कारण गोपनीयता घरालाही लागू असते. पण "आजचा दिवस जड गेला, अर्धा तास शांत बसतो" एवढे सांगावेच. न सांगता गप्प राहिले की घरची माणसे त्या गप्पपणाचा संबंध स्वतःशी जोडतात.

ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे आणि चॅट पुरावा म्हणून तपासावे लागतात. त्यासाठी काय काळजी घ्यावी?

पडद्यावरचे दृश्यही आघात देऊ शकते, आणि ते पुन्हा पुन्हा पाहता येते हा त्याचा खास धोका आहे. गरज नसेल तर आवाज बंद ठेवून पाहावे, कारण किंकाळ्या आणि रडणे प्रतिमेपेक्षा अधिक काळ स्मरणात राहतात. खिडकी लहान ठेवावी, शक्य तेथे चित्र कृष्णधवल करावे, एकदा नीट नोंद करून तीच फाईल इतरांनी पुन्हा उघडू नये अशी व्यवस्था लावावी. हे काम रात्री, झोपण्याच्या खोलीत किंवा स्वतःच्या मोबाईलवर करू नये. कौटुंबिक फोटोंच्या शेजारी असे फोटो साठवले जाणे हे गोपनीयतेच्या आणि मनाच्या अशा दोन्ही दृष्टींनी वाईट आहे. फाईलच्या नावातच आत काय आहे याची सूचना असावी, म्हणजे ती कोणाच्या नजरेस अनवधानाने पडणार नाही.

योग, ध्यान, व्यायाम यांनी भागणार नाही का?

त्यांचा उपयोग आहे, विशेषतः झोप आणि शरीरातील ताण यांसाठी, आणि ज्याला ते आवडते त्याने जरूर करावे. माझा आक्षेप त्यांच्या जागेबद्दल आहे. संस्था वर्षातून एकदा तणावमुक्तीचे शिबिर घेते, तेही रविवारी, आणि सोमवारी प्रकरणांचा ढीग तसाच असतो. मग जो खचतो त्याला वाटते की आपणच नीट ध्यान केले नाही. मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी बर्नआउटची मुळे कामाच्या सहा अंगांत शोधली : कामाचा भार, निर्णयाचा अधिकार, मोबदला आणि कदर, सहकाऱ्यांशी नाते, न्याय्य वागणूक आणि मूल्यांचा मेळ. यातील एकही अंग प्राणायामाने बदलत नाही. डॉक्टरांमधील बर्नआउटवरील उपायांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणातही संस्थात्मक बदलांचा परिणाम वैयक्तिक उपायांपेक्षा अधिक आढळला.

रात्री-अपरात्री येणाऱ्या फोनचे काय करावे?

वैयक्तिक क्रमांक देऊ नये. संस्थेचा एक फोन असावा, तो पाळीनुसार हातांतर व्हावा आणि ज्याची पाळी नाही त्याने तो उचलू नये, हे मदत मागणाऱ्यांनाही पहिल्या भेटीतच सांगावे. रात्रपाळीच्या बदल्यात दुसऱ्या दिवशीची सुट्टी ही मेहेरबानी नसून पाळीचाच भाग आहे. ज्या वस्तीत कार्यकर्ता राहतो तेथे हे अवघड जाते हे खरे. तेथे निदान त्याला "आज अमुकला फोन करा" असे सांगता यावे आणि तो अमुक खरोखर फोन उचलणारा असावा.

आमची संस्था लहान आहे आणि निधी नाही. आम्ही काय करू शकतो?

गंभीर प्रकरणे आलटून पालटून देणे, धोक्याच्या घरभेटीला दोघांनी जाणे, बाहेर पडताना आणि परतल्यावर कळवणे, कठीण भेटीनंतर लगेच दुसरी भेट न ठेवणे, दिवसाचा शेवटचा अर्धा तास नोंदींसाठी राखणे, रजा मागितल्यावर कारणांची उलटतपासणी न करणे यांपैकी कशालाही वेगळा निधी लागत नाही. शेजारच्या दोन-तीन लहान संस्थांनी मिळून एक बाहेरचा समुपदेशक ठरवला, तर खर्च वाटला जातो आणि गोपनीयताही अधिक राहते. नवा प्रकल्प-प्रस्ताव लिहिताना सुपरव्हिजन, विमा आणि कर्मचाऱ्यांचे समुपदेशन या बाबी वेगळ्या ओळींत मागाव्यात. काही निधीदार नकार देतील, पण मागितलेच नाही तर कोणीच देणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यविषयक २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत आरोग्य, मानवतावादी आणि आणीबाणीच्या सेवांतील कर्मचाऱ्यांचा स्वतंत्र विचार केला आहे. प्रस्तावात त्यांचा आधार घेता येतो.

यशाची नोंद ठेवणेही फुकट असते. वर्षापूर्वी बंद झालेल्या प्रकरणातील व्यक्तीची, तिच्या संमतीने, खुशाली विचारून ती कार्यकर्त्यांना कळवली, तर न दिसणारे यश थोडे दिसू लागते.

प्रश्नावल्या भरून घ्याव्यात का?

बेथ हडनल स्टॅम यांची ३० प्रश्नांची प्रश्नावली यासाठी सर्वाधिक वापरली जाते. तिच्यात कामातून मिळणारे समाधान, बर्नआउट आणि दुय्यम आघात यांचे प्रत्येकी दहा प्रश्न आहेत. तिने निदान होत नाही, दिशा कळते. भरणाऱ्याने ती स्वतःजवळच ठेवावी. संस्थेला फक्त नावे वगळलेला एकूण कल पाहायला मिळावा. नावानिशी भरून घेतल्यास सर्व जण समाधानी असल्याचेच निष्पन्न होते.

मदत मागितली तर मला दुबळे किंवा अपात्र ठरवले जाईल अशी भीती वाटते.

ही भीती बऱ्याच ठिकाणी निराधार नसते, म्हणून ती दूर करणे हे संस्थेचे काम आहे. समुपदेशकाकडे गेल्याची माहिती वैयक्तिक फाईलमध्ये जाणार नाही, बिलावर नाव राहणार नाही आणि मूल्यमापनाशी तिचा संबंध नसेल, हे लेखी धोरणात असावे. याहून अधिक परिणाम वरिष्ठांच्या वागण्याचा होतो. संचालकच सुट्टीच्या दिवशी मध्यरात्री संदेश पाठवत असतील, तर भिंतीवरच्या धोरणाला कोणी विचारत नाही.

तोपर्यंत, संस्थेत विश्वासाचे कोणी नसेल, तर बाहेरच्या उपचारकाकडे जावे. तेथे प्रकरणातील व्यक्तीची ओळख न सांगताही स्वतःबद्दल बोलता येते.

मानसोपचारतज्ज्ञाकडे केव्हा जावे?

नको असलेली दृश्ये, झोपेचा त्रास, टाळाटाळ किंवा सततची धास्ती महिनाभराहून अधिक टिकली, झोपण्यासाठी दारू किंवा गोळ्यांची गरज भासू लागली, काम किंवा घर यांतील नेहमीची कामे होईनाशी झाली, तर वाट पाहू नये. स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे आणि तातडीच्या मानसिक आरोग्यसेवेकडे जावे. अशा वेळी सहकाऱ्याने त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचार (आघाताशी जोडलेले विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणारी बोलण्यातून होणारी उपचारपद्धती) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आघाताच्या आठवणी हाताळणारी उपचारपद्धती) या दोन्ही पद्धती आघातोत्तर ताणविकारावर परिणामकारक असल्याचे भक्कम पुरावे आहेत. उपचार घेत असतानाही बहुतेकांना काम करता येते, कदाचित काही काळ वेगळ्या स्वरूपाचे.

पर्यवेक्षकांची काळजी कोणी घ्यायची?

हा प्रश्न फारसा विचारला जात नाही, म्हणून येथे मुद्दाम घेतला आहे. पर्यवेक्षकाकडे पाच-सहा जणांच्या सर्वांत वाईट प्रकरणांचे सार येते, वर निर्णयाची जबाबदारी असते आणि खालच्यांसमोर खंबीर दिसण्याची सक्तीही असते. त्यांनाही सुपरव्हिजन हवे. संस्थेत वर कोणी नसेल तर दुसऱ्या संस्थेतील समपदस्थांसोबत महिन्यातून एकदा बसण्याची व्यवस्था करावी.

हे काम करणारा प्रत्येक जण शेवटी खचतोच का?

नाही. पिलार हर्नांडेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये राजकीय हिंसेतून गेलेल्यांवर उपचार करणाऱ्यांच्या मुलाखतींतून उलट दिशेचा परिणाम नोंदवला : दुसऱ्याला उभे राहताना पाहून उपचारकांच्या स्वतःच्या चिवटपणात भर पडत होती. हा परिणाम आघाताची जागा घेत नाही, दोन्ही एकाच माणसात सोबत असू शकतात. म्हणून सुपरव्हिजनमध्ये ही बाजूही विचारावी, केवळ धीर देण्यासाठी नव्हे, तर ती खरोखर घडत असते म्हणून. फक्त संस्थेने "तुम्हाला समाधान तर मिळते ना" असे म्हणून मानधनाचा विषय टाळण्यासाठी तिचा वापर करू नये.

काम सोडावेसे वाटते. हा पळपुटेपणा आहे का?

नाही, मात्र निर्णय शक्यतो प्रसंगाच्या तडाख्यात घेऊ नये. आधी काही महिन्यांसाठी प्रशिक्षण, संशोधन, नोंदींचे काम किंवा कमी तीव्रतेची प्रकरणे मागून पाहावीत. अनेकांना थेट संपर्कापासून मिळालेले अंतर पुरते. तरीही जायचे ठरले, तर प्रत्येक चालू प्रकरणातील व्यक्तीला निदान एका भेटीत ते स्वतः सांगावे, नव्या कार्यकर्त्याची ओळख त्याच भेटीत करून द्यावी आणि सुरक्षा-आराखडा तिघांनी मिळून पुन्हा वाचावा. वैयक्तिक फोनवर चुकून गेलेले क्रमांक आणि संदेश संस्थेकडे सोपवून पुसून टाकावेत. संस्थेने जाणाऱ्याशी अखेरची मुलाखत घ्यावी आणि ती त्याच्या थेट वरिष्ठाने घेऊ नये.